गाठीतलं लिंबू आणि पोटातला खडा

होळी दोन आठवड्यांवर आली की आमच्या महालात गाठीवरून वाद होतोच. यंदा तो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाला. कुणीतरी एका कारखान्याचा व्हिडिओ टाकला. कुठला, ते दिसत नाही. उकळत्या पाकात कामगार मुठीने पांढरी पावडर टाकतोय आणि खाली लाल अक्षरात ‘मुलांना विष चारू नका’. अर्ध्या तासात सत्तर मेसेज. एक गट म्हणे गाठीवर बंदीच आणा. दुसरा म्हणे, बापजाद्यांपासून खाऊन राहिलो, कोणाले काय झालं? शेवटी एका इंजिनिअरिंगच्या पोराने निकाल दिला, "शुद्ध साखरेत काहीही मिसळलं की ती भेसळच."

मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पावडरवर बोलायचं आहेच, पण त्याआधी या वाक्यावर बोलणं भाग आहे, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं आणि आहे चूक. स्फटिकांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास नेमका याच चुकीभोवती फिरतो.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. गाठी म्हणजे साखरेच्या पदकांची माळ. पुण्या-मुंबईकडे ती पाडव्याला गुढीवर चढते, आपल्याकडे विदर्भात होळीलाच लहान पोरांच्या गळ्यात पडते. साखर आणि पाणी उकळायचं. थोडं दूध घालायचं, म्हणजे दुधातली प्रथिनं फाटून मळी धरतात आणि फेसाबरोबर वर येतात. ती झाऱ्याने काढून टाकायची. मग लिंबू. पाक तारेवर आला की घोटायचा, आणि दुधाळ व्हायला लागला की दोरा ताणून ठेवलेल्या लाकडी साच्यात ओतायचा. थोड्या वेळात साचा उघडला की माळ तयार.

माझ्या ओळखीचे एक जुने कारागीर आहेत. त्यांना मी एकदा विचारलं होतं, काका, एवढ्या मोठ्या कढईला लिंबू नेमकं किती? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्वास किती घेता असं विचारलं. म्हणाले, "सर, लिंबू नाही टाकलं तर गाठी रवाळ होते, हातात घेतली का भुगा. जास्त टाकलं तर धरतच नाही, घाम सोडत बसते. पाकाकडे पाहून टाका लागते."

या उत्तरात अख्खं शास्त्र आहे. लिंबाच्या आंबटपणामुळे काही साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे दोघं साखरेच्या स्फटिकात बसत नाहीत, पण आजूबाजूला घोटाळत राहतात आणि स्फटिकाला भराभर मोठं होऊ देत नाहीत. थोडे असले तर दाणा बारीक राहतो आणि गाठी घट्ट होते. फार झाले तर दाणा धरायलाच अडथळा. म्हणजे ‘शुद्ध’ साखरेची गाठी चांगली होत नाही. तिला चिमूटभर परकं लागतं, आणि किती ते कारागिराच्या डोळ्याला कळतं.

परक्या पदार्थाची ही करामत शास्त्राच्या दप्तरी नोंदली गेली ती, माफ करा, लघवीमुळे. १७८३ साली रोमे द लील या फ्रेंच माणसाने लिहून ठेवलं की मिठाचं पाणी आटवलं तर चौकोनी, ठोकळ्यासारखे स्फटिक मिळतात. पण त्या पाण्यात लघवी असेल तर तेच मीठ आठ बाजूंचे स्फटिक धरतं. मीठ तेच, चवही तीच, घडण वेगळी. लघवीतल्या युरियाचं हे काम होतं, हे नंतर कळलं.

तोवर अमिनो आम्ल हा शब्दही नव्हता. आज जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येक पोराला तो माहीत आहे. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या विटा म्हणजे अमिनो आम्लं. त्यातली पहिली १८०६ साली पॅरिसमध्ये वोकलँ आणि रोबिके यांना मिळाली, आपल्या शतावरीच्याच गोत्रातल्या एका भाजीचा रस आटवताना. रसात आपोआप खडे धरले. १८२० मध्ये ब्राकोनो नावाच्या माणसाने जिलेटिन, म्हणजे कातडी-हाडांचा सरस, गंधकाम्लात उकळलं आणि त्यातून स्फटिक मिळवले. चाखून पाहिले तर गोड! (त्या काळी रसायनशास्त्रज्ञ सगळं चाखून पाहत, आमच्या प्रयोगशाळेत कुणी चाखलं असतं तर मी बाहेर काढलं असतं.) त्याने त्याला जिलेटिनची साखरच म्हटलं. ती साखर नव्हती, ते सगळ्यात लहान अमिनो आम्ल होतं. पुढे त्याला ग्रीक भाषेतल्या ‘गोड’ या शब्दावरून ग्लायसिन हे नाव मिळालं.

पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १८१० साल. लंडनमध्ये विल्यम हाइड वॉलस्टन या माणसापुढे मूत्राशयातून काढलेला एक खडा आला. हा वॉलस्टन स्फटिकांचे कोन मोजण्याचं यंत्र बनवणारा, पॅलेडियम आणि ऱ्होडियम शोधणारा. त्याच्या लक्षात आलं की हा खडा नेहमीच्या खड्यांसारखा नाही. त्याने त्याला मूत्राशयावरून नाव दिलं आणि तेच पुढे ‘सिस्टिन’ झालं. सिस्टिन हे आपल्या केसांत, नखांत, जनावरांच्या शिंगांत असलेलं अमिनो आम्ल आहे, हे कळायला १८९९ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं ते नुसतंच पोटातला एक दगड होतं.

आपली भाषा इथे फार हुशार आहे. संस्कृतात शर्करा म्हणजे साखर, शर्करा म्हणजेच बारीक खडे-रेती, आणि सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय. मराठीत खडीसाखर आणि मुतखडा, दोन्हींत खडा आहेच. नागपुरात आपण त्याला पथरी म्हणतो ते वेगळं.

सिस्टिनचा खडा सगळ्यांना होत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्या पथरीने माणसं गडाबडा लोळतात ती बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटची. सिस्टिनची पथरी जन्मजात दोषाची, आईवडील दोघांकडून आलेली. १९०८ साली आर्चिबाल्ड गॅरॉडने जन्मजात चयापचय दोषांवर जी प्रसिद्ध व्याख्यानं दिली त्यात हा आजार आहे. जगात साधारण सात हजारांत एकाला. पण ज्या घरात असतो त्या घराला विचारा. दहा-बारा वर्षांच्या पोराला खडा होतो, काढला की पुन्हा होतो, जन्मभर.

हिशोब साधा आहे. एक लिटर लघवीत सुमारे २५० मिलिग्रॅम सिस्टिन विरघळून राहू शकतं. निरोगी माणूस दिवसभरात ३० मिलिग्रॅमच्या आतच टाकतो. या रोग्यांचं ४०० पासून हजारच्याही पुढे जातं. हजार मिलिग्रॅम विरघळून ठेवायला चार लिटर लघवी व्हावी लागते, तीही रात्री उठून पाणी पिऊन. नाही झाली तर सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर षटकोनी चकत्या दिसतात. मी चित्रात पाहिल्यात. एवढ्या रेखीव की पोराच्या पोटात त्या कशाला, असं वाटतं.

आता पुढचा टप्पा. १९८०च्या दशकात इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मायर लाहाव, लेस्ली लायझरोवित्झ, लिया आदादी, इसाबेल वाइसबुख यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: परका पदार्थ स्फटिकाच्या नेमक्या कुठल्या बाजूला जाऊन बसतो? प्रयोगाला घेतलं तेच ब्राकोनोचं गोड ग्लायसिन. त्याच्या द्रावणात त्यांनी दुसरं अमिनो आम्ल अगदी थोडं घातलं. त्यांना कळलं ते असं. भिंत बांधताना शंभरात एक वीट अशी आली की तिची खालची बाजू बाकीच्यांसारखीच आहे, पण वरून तिला टेंगूळ आहे. गवंडी फसतो, ती लावून टाकतो. पण तिच्यावर पुढची वीट बसत नाही. त्या बाजूने भिंत थांबते, बाकीच्या बाजूंनी चालू राहते. मग ठोकळ्याची पाटी होते, पाटीची सुई होते. अमिनो आम्लांत डावी-उजवी असा भेद असतो, आपल्या दोन हातांसारखा. नुसती डावी वीट घातली तर स्फटिकाची एकच बाजू अडते, दोन्ही घातल्या तर दोन्ही बाजू. स्फटिकाचा आकार बघून आत कोण बसलंय ते सांगता यायला लागलं. अशा मुद्दाम घडवलेल्या परक्यांना ते ‘मापाचे शिवलेले’ म्हणत. लाहाव आणि लायझरोवित्झ यांना २०२१ साली रसायनशास्त्राचा वुल्फ पुरस्कार मिळाला.

यात नवल ते हे, की पूर्ण अनोळखी पदार्थ फार काही करत नाही. जो जवळजवळ आपल्यासारखा असतो, तोच आत येऊन बसतो आणि तोच अडवतो.

कारखानदारीला हे त्याआधीच चटक्यांनी कळलं होतं. चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो घ्या. १९०८ साली टोकियोत इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामिक आम्लाची चव ओळखली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. ग्लुटामिक आम्ल स्फटिक दोन प्रकारांनी धरतं. अल्फा दाणेदार, गाळून पटकन वेगळं होतं. बीटा बारीक पापुद्र्यांचं, सगळ्या द्रावणाचा लगदा करून टाकतं आणि गाळणीच बंद पाडतं. द्रावणात फेनिलअॅलनिनसारखं दुसरं अमिनो आम्ल थोडं असलं तर अल्फाचं बीटात होणं लांबतं. म्हणजे ‘घाण’ पूर्ण काढून टाकणं नेहमीच फायद्याचं नसतं. आपल्या साखर कारखान्यांतही असंच काही दिसतं, फक्त उलट्या बाजूने. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यात जंतूंमुळे डेक्स्ट्रान तयार होतं. ते एवढंसं, पण साखरेचा दाणा लांबट होतो आणि रस घट्ट होऊन सगळंच रेंगाळतं. ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या शेतकऱ्याच्या वजनाचं नुकसान सगळे बोलतात, हे कुणी बोलत नाही.

नागपूरला हा विषय परका नाही. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला लाखो रुपये ठेवले, त्यातून १९४२ साली अमरावती रोडवर एलआयटी उभं राहिलं. आता ते स्वतःच विद्यापीठ झालंय. तिथून निघालेल्या कितीतरी पोरांनी आयुष्यभर कारखान्यांत हेच केलं: द्रावणातून स्फटिक पाडायचा, दाणा कसा येतो ते बघायचं. आणि ग्लायसिनचा प्रयोग तर साध्या कॉलेजातही होतो. नुसत्या पाण्यातून आटवलं की अल्फा ग्लायसिन मिळतं, पुरेसं मीठ घातलं की गॅमा. देशभरच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळांत पोरं हे गॅमा स्फटिक वाढवतात, कारण त्याचे प्रकाशाचे आणि विजेचे गुण वेगळे असतात. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इंजिनिअरने एकदा करून बघावं. मीठ भेसळ होती का मग?

पुन्हा पोटातल्या खड्याकडे. २०१० साली अमेरिकेत रायमर, वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइझमनवाल्यांची वीट सिस्टिनला लावून पाहिली. सिस्टिनच्याच रेणूच्या दोन्ही टोकांना छोटी टोपी घातली. नाव सिस्टिन डायमिथाइल एस्टर. लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढ्याने षटकोनी चकतीची वाढ मंदावली. चकती पसरायची थांबून बारीक, सुईसारखी होऊ लागली. बातमी सगळीकडे गेली. वॉलस्टनच्या खड्याला दोनशे वर्षांनी त्याच्याच जातीचा अडवणारा सापडला. पण खरं सांगायचं तर उंदरांवर पुढे प्रयोग झाले तेव्हा खडे लहान राहिले, थांबले नाहीत. दवाखान्यात अजून तेच आहे: भरपूर पाणी, लघवीचा आंबटपणा कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट, आणि लागलंच तर सिस्टिनला तोडणारी औषधं, जी सगळ्यांना सोसत नाहीत.

सायट्रेट म्हणजे लिंबातलंच. कढईत ते आंबटपणाने साखर तोडतं. पोटात त्याची वाट वेगळी: नेहमीच्या पथरीत ते कॅल्शियमला स्वतःकडे ओढून घेतं आणि खड्याच्या पृष्ठभागावर चिकटून वाढ अडवतं. माणसाच्या लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट पुष्कळदा विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्तच असतं. तरी आपण सगळेच लोळत नाही, ते या सायट्रेटसारख्या राखणदारांमुळे. म्हणजे पूर्ण ‘शुद्ध’ लघवी असती तर आपली धडगत नव्हती! आणि एक गंमत संत्र्याच्या गावासाठी: २००६ साली टेक्सासमध्ये मोजक्या लोकांवर तुलना झाली, त्यात संत्र्याच्या रसाने लघवीतलं सायट्रेट लिंबूपाण्यापेक्षा जास्त वाढलं. हे वाचून कुणी औषध बंद करून संत्री खायला बसू नका. ज्यांना साखर आहे त्यांनी तर नाहीच.

तर मग परकं चांगलंच असतं का? नाही ना. १९८९ सालची गोष्ट सांगितल्याशिवाय ही पोस्ट अर्धवट राहील. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अमेरिकेत झोप यावी म्हणून दुकानात सहज मिळायचं. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर माणसं भयंकर अंगदुखीने डॉक्टरांकडे यायला लागली, रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. दीड हजारांवर रुग्ण, किमान ३७ मृत्यू. धागा जपानच्या शोवा डेन्को या कंपनीच्या मालापर्यंत गेला. त्यांनी ट्रिप्टोफॅन बनवणारा जिवाणू बदलला होता आणि त्याच सुमारास शुद्धीकरणातला कोळसा निम्मा केला होता. माल किती शुद्ध होता? ९९.६ टक्के. उरलेल्या अंशात जे सापडलं त्यात दोन ट्रिप्टोफॅन एकमेकांना जोडून झालेला एक रेणू होता. तोच गुन्हेगार की आणखी कोणी, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. पण डब्यावर ‘शुद्ध’ लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. महालातल्या पोरांनी बीसीएएचा डबा विकत घेताना हे आठवावं. तो आकडा अर्ध्या टक्क्याबद्दल काही सांगत नाही.

आता त्या व्हिडिओतली पावडर. ती काय होती ते व्हिडिओ बघून मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. पण बाजारात जिची चर्चा आहे ती हायड्रॉस, सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगकामात वापरतात ती. गुळाला पिवळाधमक करायला वापरतात म्हणून ओरड होते तीही हीच. तिचं गाठीच्या दाण्याशी घेणंदेणं नाही. लिंबू दाण्यासाठी असतं, दूध मळीसाठी असतं. हायड्रॉस फक्त गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असते. तिच्यातून मागे राहणारे गंधकाचे अंश दम्याच्या काही रोग्यांना त्रास देतात. म्हणून इंजिनिअर पोरा, प्रश्न ‘मिसळलं का’ हा नाही. काय मिसळलं, किती, कशासाठी, आणि खाणाऱ्याला ते माहीत आहे का, हा आहे. मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख १ ऑक्टोबर २०२० पासून लावावी लागते. गाठीच्या माळेवर तीही क्वचित दिसते, आत काय आहे याची चिठ्ठी तर नाहीच.

आणि यात मार कोणाला बसतोय? काकांच्या गाठीला किंचित पिवळसर झाक असते. काही साखर जळल्याची, काही दुधातल्या अमिनो आम्लांची आणि लिंबाने मोकळ्या केलेल्या ग्लुकोजची. हे दोघं उकळत्या पाकात भेटले की रंग धरतात. म्हणजे ती झाक लिंबू-दूध घातल्याचीच खूण. गिऱ्हाईक तीच बघून म्हणतं, "हे जुनं दिसून राहिलं, पांढरी दाखवा." आपणच पांढरी मागतो आणि आपणच व्हिडिओ फॉरवर्ड करतो.

माझी मागणी एवढीच आहे. अन्न व औषध प्रशासनाने होळीच्या आधी इतवारी-महालातल्या गाठीचे नमुने घ्यावेत आणि निकाल होळीच्या आधीच सांगावा, पाडवा उलटून गेल्यावर नाही. नगरसेवक-आमदार ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी ते पत्र द्यावं, मसुदा मी लिहून देतो. ज्यांचा माल स्वच्छ निघेल त्यांच्या नावांची यादी गांधी गेटवर लावा.

परवा काकांकडे गेलो होतो. व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाले, "सर, यंदा पोरगा म्हणते भट्टी बंद करू. पिवळी गाठी कोणी घेत नाही." मग कढईत वाकून पाहिलं आणि अर्धं लिंबू पिळलं. दुसरं अर्धं बाजूला ठेवलं. मी पाच माळा घेतल्या.